चुंबळीखालची जागा

सातपाटीत कृष्णकांत तांडेल म्हटलं की लोक अजून जरा सरळ होऊन बसतात. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्यानं टाक म्हटलं की जाळं टाकायचं, ओढ म्हटलं की ओढायचं आणि मधे तोंड उघडायचं नाही. साठी उलटल्यावर कृष्णकांतच्या गुडघ्यांनी दगा दिला, बोट पुतण्याच्या हाती गेली आणि तो बंदराजवळच्या शेडमध्ये लोकांची फाटकी जाळी सांधायला बसू लागला. आवाज मात्र तांडेलाचा तो तांडेलाचाच राहिला. असा हा माणूस एका आश्विनात सकाळी सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंपणांवरून वाकून जास्वंदीची फुलं तोडताना दिसायला लागला. गणपती तर केव्हाच गेले होते. गावाला महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला.

कुणी म्हणालं, म्हातारा देवाला लागला. कुणी म्हणालं, गुडघ्यासाठी असेल. दिनानाथ उभी हयात त्याच्या बोटीवर खलाशी होता आणि आता त्याच्याच शेजारी बसून जाळी सांधायचा. त्यानं तोंडावरच विचारलं, “तांडेल, फुलं कोनाला?”

“तुझ्या वैनीला.”

“या वयात?”

“कढवायला,” कृष्णकांत म्हणाला, आणि दिनानाथची सुई हातातच राहिली.

या फुलांमागची भानगड वैशाखातली. नर्मदा, म्हणजे कृष्णकांतची बायको, तिच्या भाचीच्या हळदीला नाचत होती. नर्मदा नाचायला लागली की बँडवाल्याला आधी दम लागतो, अशी तिची ख्याती. सगळ्या बायका एका रंगाच्या साड्यांत, प्रत्येकीच्या अंबाड्याभोवती शेवंतीची आणि अबोलीची जाड वेणी. कोळणीचं डोकं लग्नात वेणीशिवाय दिसलं तर लोक आधी घरातल्यांची चौकशी करतात. तर नर्मदेनं एक जोरदार गिरकी घेतली आणि वेणी आकड्यांसकट सुटून खाली पडली. पाठीमागून येणारीचा पाय त्या वेणीवर पडला. सगळ्या हसल्या. दिनानाथची बायको मंगला तर पोट धरून हसली. नर्मदाही हसली, वेणी उचलून पिशवीत टाकली आणि भांड्यांजवळ जाऊन बसली. कृष्णकांत तेव्हा खुर्चीत बसून वडा खात होता. बायको नंतर नाचली नाही एवढंच त्याच्या ध्यानात आलं, आणि पुढं तो तेही विसरला.

गणपतीनंतर त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, मिथुनचं लग्न ठरलं. मिथुन तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी नवापूरची, वैभवी. माघातली तारीख निघाली. नर्मदेनं साड्यांचे रंग ठरवले, बँड ठरवला, कुणाला कुठं बसवायचं तेही ठरवलं. आणि एका दुपारी जेवता जेवता सहज म्हणाली, “हळदीला मी मागं बसेन. कालवणाचं बघायला कोन तरी पायजेच.”

“मुलाच्या हळदीला आई चुलीजवळ? येड लागलं का तुला?”

“अंबाडा राहिलाय कुठं माझा? वेणी कशावर बांधू? नाकापेक्षा मोती जड. नवापूरच्या मानसांसमोर परत पडली तर? मना नाय चालणार.” तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ताटं उचलली.

कृष्णकांतला वाटलं, बायकांची कुरकुर असते तशी असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदा मागच्या दारात उन्हाला बसून केस विंचरत होती आणि तो तोंड धुवायला तिकडं गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं तिला विंचरताना कधी पाहिलंच नव्हतं. ती केस बांधून घराबाहेर पडायची तेव्हा तो समुद्रावर तरी असायचा, नाहीतर घोरत तरी. आज पाहिलं. कडेचे केस होते, बरेच पिकलेले, पण होते. टाळूवर मात्र गोल, तुळतुळीत जागा होती. वाटीएवढी नव्हे, बशीएवढी.

आणि ती जागा त्याला ओळखीची वाटली. त्यानं खुंटीकडं पाहिलं. तिथं नर्मदेची चुंबळ टांगलेली होती, जुनं लुगडं फाडून गोल वळलेली, मासळीच्या पाटीखाली डोक्यावर ठेवायची. तेवढीच गोल, तेवढीच रुंद. त्यानं पुन्हा नर्मदेच्या डोक्याकडं पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

सातपाटीहून पालघरचा बाजार, बाजारात जे उरेल ते घेऊन बोईसरच्या चाळी आणि कॉलन्या, पाटी डोक्यावरच. पाटीत मासळी कुणाची? त्याचीच. भरपूर सरंगा मिळाला की तो बोटीवरून ओरडायचा, “नर्मदे, आज पाटी जड हाय!” केवढ्या मोठेपणानं ओरडायचा. आता त्याला ते आठवून लाज वाटली. नुसतं वाईट वाटणं नव्हे, खरी, मान खाली घालायला लावणारी लाज.

तांडेलाला लाज वाटली की तो हुकूम सोडतो. त्यानं मिथुनला फर्मावलं, केस उगवायचं औषध शोध. मिथुननं कारखान्यात विचारलं. तिथं सगळ्या मुलखातली माणसं, त्यामुळं सगळ्या मुलखातले उपाय. साताऱ्याचा म्हणाला कांद्याचा रस. छपऱ्याचा म्हणाला, “सरसों का तेल लगाओ भैया, सब ठीक हो जाएगा.” त्याच्या स्वतःच्या डोक्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मोबाईलमध्ये तर जो तो वैद्य. कृष्णकांतनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पालघरच्या बाजारात सोमीकडं गेला.

सोमी डोंगराकडच्या पाड्यावरची. नर्मदेच्या शेजारी भाजी घेऊन बसायची, आणि तिच्या टोपलीत एका कोपऱ्यात नेहमी काहीतरी पाला, काहीतरी मुळी असायची. दोघींचा जुना व्यवहार होता. नर्मदेनं सुके बोंबील द्यायचे, सोमीनं पाला द्यायचा. नर्मदा चहाला उठल्याचं पाहून कृष्णकांत सोमीसमोर जाऊन बसला.

“माका हाय दादा,” सोमी म्हणाली. “ओल्या बांधावरचा. आवळा हाय. कढीपत्ता, जास्वंद तुमच्या तिकडं भेटेल. माझी आई हेच कढवायची.”

“केस येतील?”

सोमी हसली. “येतील का नाय ते मना काय ठाव? डोकं थंड राहील. झोप येईल. पन दादा, तेल एकटं काय करनार? लावनारा हात पायजे.”

कृष्णकांतनं शेवटचं वाक्य कानाआड केलं आणि माक्याची जुडी घेऊन घरी आला. वर सांगितल्याप्रमाणं मग जास्वंदीच्या मोहिमा झाल्या. पाला आणि फुलं आधी वाळवायला हवी होती, नाहीतर तेल बुरसतं असं सोमीनं बजावलं होतं. आता वाळवणं म्हटलं की सातपाटीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच जागा येते. वलांडी, म्हणजे बांबू आणि दोर बांधून उभा केलेला मांडव, ज्यावर बोंबील टांगून सुकवतात. वर बोंबील, खाली फाटक्या जाळ्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला. त्याच्याच शेजारी, ऊन आणि वारा दोन्ही पाहून, तांडेलानं माका आणि जास्वंद अगदी निगुतीनं पसरली. दिवसातून दोनदा उलटली. कावळ्यांना हाकललं.

मग लोखंडी कढईत खोबरेल तेल, त्यात पाला, फुलं, आवळ्याच्या फोडी आणि मूठभर मेथ्या. काळंहिरवं, दाट तेल उतरलं. कृष्णकांत बरणी उन्हात धरून बघत राहिला, पहिल्या बोटीचं नाव रंगवल्यावर बघत होता तसाच. आधी स्वतःवर करून पाहावं म्हणून त्यानं ते आपल्याच डोक्याला लावलं. त्याच्या डोक्यावर मुळातच पांढरंशुभ्र रान माजलेलं. ज्याला गरज नाही त्यालाच देव भरभरून देतो. आठवड्यात ते असं चकाकायला लागलं की दिनानाथ म्हणाला, “तांडेल, लगीन मिथुनचं का तुमचं? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तेही दुखऱ्या.”

नर्मदा मात्र ऐकेना. “मना नको तुमचं तेल. उशा खराब होतील. लोकं काय म्हनतील?”

“बस,” तांडेल म्हणाला. बोटीवरच्या आवाजात म्हणाला.

नर्मदा बसली. का बसली, तिचं तिलाच कळलं नाही. बाजारातून येऊन, अंघोळ करून, दुपारी ओटीवर ती खाली बसली आणि तो मागं पाटावर. त्यानं तेलात बोटं बुडवली आणि अशी चोळायला सुरुवात केली की तिची मानच मागं गेली.

“अवो, हळू! डोकं हाय ते, दोर नाय.”

ज्या हातांनी जन्मभर ओलं जाळं ओढलं, त्या हातांना हळू हा शब्द नवा होता. बोटं जाड, शिरा फुगलेल्या, तळव्यांना घट्टे. पण तो शिकला. टाळूवरच्या त्या गुळगुळीत जागेवर तर तो बोट असं ठेवायचा की तिला कळूही नये. थोड्या वेळानं नर्मदेची मान त्याच्या गुडघ्यावर कलली. ज्या गुडघ्याला वाऱ्याचा धक्काही सोसत नव्हता, तो त्यानं तासभर हलवला नाही.

मग मांजरं आली. आधी शेजारची बोकी ओटीवर येऊन नर्मदेकडं टक लावून बसली. नंतर दोन झाली. बाजारात जाताना टमटमपर्यंत मांजरांची वरात मागं यायला लागली. नर्मदा म्हणायची, पाटीमुळं येतात. पण एका दुपारी ती आडवी झालेली असताना बोकी येऊन तिचं डोकंच चाटायला लागली, तेव्हा तीही बुचकळ्यात पडली. उलगडा सोमीनं केला. बाजारात तिनं नर्मदेच्या बाजूला वाकून हुंगलं आणि विचारलं, “नर्मदाबाय, तेलात जवळा टाकला का काय?”

नर्मदा घरी आली ती हसत हसतच. दारातूनच म्हणाली, “अवो, वाळवलं कुठं तुमी?” आणि कृष्णकांतनं बोट दाखवलं तेव्हा तिला बसून घ्यावं लागलं. दोघांनी बरणी हुंगून पाहिली. दोघांनाही काही वास येईना. त्यांच्या नाकांना तो वास कधी वास वाटलाच नव्हता. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि वैशाखातल्या हळदीनंतर ती अशी पहिल्यांदाच हसतेय हे कृष्णकांतच्या ध्यानात आलं. पुढचं वाळवण मिथुनच्या खोलीत, कडी लावून झालं. मांजरं मात्र बरेच दिवस आशेनं येत राहिली.

तेल झालं, कांद्याचा रस झाला. कांद्याच्या दिवशी घरातले सगळे रडले, मिथुनसुद्धा. आवळा उगाळून लावल्यावर पांढरे केस काळे होतात असं कुणीतरी सांगितलं, तर नर्मदेनं हात जोडले. “पांढऱ्यांचं मना काय नाय. सासू होनार मी, पांढरे असायलाच पायजेत. मना नुसते असायला पायजेत.” मिथुननं बोईसरच्या एका पार्लरात खोटे केस मिळतात ते सुचवलं. नर्मदेनं विचारलं, “कोनाचे?” ते मिथुनला सांगता आलं नाही. “मग ज्या बाईचे हायत तिला राहू दे,” ती म्हणाली.

मार्गशीर्ष आला तरी टाळू होती तशीच होती. शेवटी मिथुन दोघांना पालघरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. पोरगी तरुण होती, बोलायला गोड होती. तिनं दिवा लावून नीट पाहिलं. म्हणाली, “तेल छान आहे काकी, बाकीचे केस किती मऊ राहिलेत. लावत राहा. पण ही मधली जागा वर्षानुवर्षांच्या वजनानं आणि घासण्यानं झालीय. तिथली मुळंच गेलीत. तिथं आता तेलानं काय किंवा औषधानं काय, नाही येणार. आणि आता वजन डोक्यावर घेऊ नका.”

“मग काय नाकावर घेऊ?” नर्मदा म्हणाली. डॉक्टरीणही हसली. घरी आल्यावर मात्र कृष्णकांतनं तेलाची बरणी फळीवर, पार मागं सरकवून ठेवली.

दुसऱ्या दुपारी तो ओटीवर आला नाही. तिसऱ्या दुपारीही शेडमध्येच बसून राहिला. चौथ्या दुपारी तो घरी परतला तर नर्मदा ओटीवर पाटासमोर खाली बसलेली, केस सोडलेले, बरणी शेजारी.

“का वो, विसरलात?”

“काय उपयोग?” तो म्हणाला. “डॉक्टरीण बोलली ना, येनार नाय म्हनून.”

“डॉक्टरीण केसांचं बोलली. मी केसांसाठी बसत होते, हे तुमाला कोन बोललं?”

तो पाटावर बसला.

नर्मदा पाठमोरीच होती, म्हणून तिला बोलता आलं. “पाटी उचलायला कोनी बी हात देतं वो. बंदरावर दहा जनी असतात. पन लांब चालून गेलं की उतरवायला कोन नसतं. दारात उभं राहून हाका मारायच्या, बाई, जरा हात लावा, तेव्हा कुठं कोन बाहेर येतं. तुमी तेल लावता ना, तर मना वाटतं, कोनी तरी पाटी उतरवून घेतंय.”

समुद्रात माणसं गेलेली पाहून न रडलेला तांडेल बायकोच्या पाठीमागं बसून, आवाज न करता रडला. मग त्यानं बरणी उघडली. तेल लावताना आज त्याचा हात टाळूवर कमी आणि कडेनं जास्त फिरत होता. कानांवरचे केस, मानेवरचे, कपाळावरचे. हे केस घट्ट होते, ओढले तरी हलत नव्हते. त्याची बोटं एकदम थांबली.

“काय झालं?” नर्मदेनं विचारलं.

“काय नाय. बस गप.”

त्याला जे सुचलं ते कुठल्याही तांडेलाला सुचलं असतं, फक्त आधी केसांकडं जाळं म्हणून बघायला हवं होतं. भरलेल्या जाळ्याचं सगळं ओझं एका जागी आलं की ते तिथंच फाटतं. म्हणून ते कडेच्या दोरांवर चारी बाजूंनी वाटून द्यायचं, मधे कितीही विरळ असो. नर्मदेच्या टाळूवर काही नव्हतं म्हणून वेणी पडत होती. पण कडेला तर सगळे दोर शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो काळ्या नायलॉनचा अगदी बारीक दोरा घेऊन बसला. मोठी सुई चालेना म्हणून त्यानं बांबूची काडी तासून नवी सुई केली. मापाला एक नारळ घेतला. पहिली जाळी ताणली गेली, दुसरीची भोकं मोठी झाली, तिसरी त्यानं रागानं दातांनी तोडली. डोळे अधू झालेले, बोटं जाड. दिनानाथ बघत होता.

“तांडेल, या जाळ्यात काय सापडनार? डास?”

“सापडलेलं सुटू नये म्हनून हाय ते,” कृष्णकांत म्हणाला आणि पुन्हा गाठ मारायला लागला.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव लख्ख होता, बँडवाले वाद्यं जुळवत होते, नवापूरची माणसं आली होती. बायका एका रंगाच्या, आंबा पिकल्यासारख्या पिवळ्या साड्यांत होत्या. नर्मदाही त्याच साडीत, पण पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला आणि हातात कालवणाचा डाव. ती मागच्या दाराकडं निघाली तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “नर्मदे, इकडं ये. बस.”

“आता तेल? अवो, मानसं आलीत!”

“बस.”

तो तिच्या मागं बसला. कडेचे केस हलक्या हातानं वर घेतले, छोटासा अंबाडा वळला, त्यावर ती काळी जाळी बसवली. जाळीला बारीक बंद होते, एक कपाळावरच्या केसांत, दोन कानांमागं, एक मानेशी. जन्मभर ज्या गाठी बोटीला मारल्या त्याच त्यानं मारल्या, फक्त लहान. केसांत जाळी दिसेनाशी झाली. मग त्यानं ओल्या फडक्यातून वेणी काढली. शेवंती आणि अबोली, सातपाटीत बांधतात तशी जाड. ती त्यानं जाळीत ओवून घेतली आणि मागं सरकला.

“मान हलव.”

“काय?”

“हलव. जोरात. वाऱ्यात बोट हलते तशी.”

नर्मदेनं भीत भीत मान हलवली. मग जोरात. मग आणखी जोरात. वेणी जागची हलली नाही. तिनं हात वर नेऊन चाचपलं, पुन्हा चाचपलं. डाव तिथंच चटईवर ठेवून ती उठली.

मांडवात ती आधी कडेकडेनंच नाचत होती. एक हात सारखा डोक्याकडं जात होता. कृष्णकांत खुर्चीत बसला होता. समोर वड्यांची बशी होती, तिच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. बँडनं ठेका चढवला, मिथुननं आईला मधे ओढलं, वैभवीकडच्या बायकांनी फेर धरला. नर्मदेनं एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. हात डोक्याकडं गेला. तिसरीला तो गेला नाही. त्यानंतर तो कधीच वर गेला नाही. ती कमरेवर हात ठेवून, मान उडवून, पूर्वीसारखी नाचायला लागली आणि बँडवाल्याला खरंच आधी दम लागला. घामानं निथळत ती कृष्णकांतसमोर आली. “काय तांडेल, बघताय काय एवढं?”

“माझं जाळं बघतोय,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.

लग्न पार पडलं. वैभवी घरात आली, मांडव उतरला, कृष्णकांत पुन्हा शेडमध्ये बसायला लागला. नर्मदेची पाटी आता टमटममधून उतरली की चाकाच्या गाडीवर चढते. ती गाडी मिथुननं कारखान्यातल्या दोस्तांकडून जोडून घेतली. एका सकाळी दिनानाथ आणि कृष्णकांत एकच मोठं जाळं दोन टोकांनी सांधत बसले होते, तेवढ्यात मंगला आली. नवऱ्याला चहा आणला असेल असं दोघांना वाटलं. तिच्या हातात चहा नव्हता.

ती कृष्णकांतसमोर उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “दादा, त्या दिशी वेणी पडली तेव्हा मी लई हसले. सगळ्यांत जास्त मीच.”

“जाऊ दे ग. झालं ते झालं.”

“नाय दादा, ऐका. मना भीती वाटली म्हनून हसले. आज तिची पडली, उद्या माझी पडेल म्हनून.” तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, आकडे काढले आणि मान खाली वाकवली. तीच जागा. तशीच गोल, तशीच तुळतुळीत. “आमच्या सगळ्यांचंच असं हाय. हंसा, माई, सगळ्यांचं. कोन दाखवत नाय येवढंच. मना बी एक जाळी करून द्याल?”

कृष्णकांतनं दिनानाथकडं पाहिलं. दिनानाथ बायकोच्या डोक्याकडं बघत होता. बघतच राहिला. त्याच्या बोटीवरच्या वाट्याची मासळीही शेवटी कुणीतरी वाहिलीच होती. मग त्यानं मांडीवरचं मोठं जाळं बाजूला सारलं.

“तांडेल,” तो म्हणाला, “तो काळा दोरा इकडं द्या. हिची मी करतो.”

कृष्णकांतनं दोरा दिला, बांबूची बारीक सुई दिली. दिनानाथनं मापासाठी इकडंतिकडं बघून कोपऱ्यातला नारळ उचलला.

“नारळ ठेव तो,” तांडेल बोटीवरच्या आवाजात म्हणाला. “आधी तिच्या डोक्यावर हात ठेव. माप हातानंच कळतं.”

मंगला वाकलेलीच होती. दिनानाथनं तळवा लुंगीला पुसला, दोनदा पुसला, आणि भीत भीत पुढं केला.